जाड जांभळी रेघ

१

मास्तर सापडले तेव्हा त्यांची सायकल सरळ उभी होती. स्टँडवर नाही, कशाला टेकवलेली नाही. उताराच्या तळाशी, रस्त्याच्या मधोमध, एकटीच उभी. आणि मास्तर तिच्यापुढे पाच पावलांवर पालथे. सकाळचे पावणेसात वाजले होते. आम्ही वळणावरून खाली आलो आणि मला आधी वाटलं, नाटक करताहेत, कारण निवृत्त झाल्यावर माणसाने जरा गंभीर व्हायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मग लॅबमावशीने सायकल टाकली आणि ती पळाली. मावशीला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की नाटक नाही.

थांबा, नीट सांगते. मध्ये बोलू नका, नाहीतर माझं सांगायचंच राहील, आणि हे मी एकदाच सांगू शकणार आहे.

आमचं रविवारचं सायकल मंडळ तुम्हाला माहीत आहे, बावीस जणांचं. मास्तर म्हणजे शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेले. चढावर त्यांना दम लागतो म्हणून ते आमच्या दहा मिनिटं आधी निघतात, फोन हँडलला लावतात आणि फोन म्हणेल तिकडे वळतात. त्या दिवशी फोनने त्यांना खडी क्रशरच्या रस्त्याने उतरवलं. तळाशी रस्त्याला आडवं गटार आहे, त्यावर लोखंडी जाळी. जाळीच्या सळया रस्त्याच्याच दिशेने, आणि दोन सळयांमध्ये फट सायकलच्या चाकाएवढी. पुढचं चाक आत रुतलं. सायकल जागच्या जागी थांबली, मास्तर थांबले नाहीत. खांद्याचं हाड मोडलं आणि मनगट. उजवं. ज्या हाताने ते चित्रं काढतात तेच.

आता, मंडळाचे रस्ते ठरवायची ताई. सार्वजनिक ग्रंथालयात कामाला आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, तीही लपूनछपून, ग्रंथालयाच्या मागच्या आवारात. तिला कधी कुणी कशासाठी विचारलं नव्हतं, असं तीच एकदा म्हणाली होती. घरात विचारतात ते डबा झाला का, कामावर विचारतात ते अमुक पुस्तक आलं का. फक्त आम्हीच विचारायचो की ताई, रविवारी कुठे जायचं.

संध्याकाळी आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, त्यांचा ग्रुपवर संदेश आला. पुढच्या रविवारी ग्रंथालयात बैठक, रस्ते ठरवायचं काम ताईकडून काढून घ्यायचं यावर निर्णय. खाली ताईने एकच शब्द लिहिला, "मान्य."

लॅबमावशीला ते पटलं नाही. मावशी चोवीस वर्षं रक्त तपासते, आणि तिचं बोलणं रक्त काढल्यासारखंच, आधी नीट शीर शोधणार, मगच टोचणार. ती डॉक्टरांना म्हणाली की रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही पेशंटला दोष देत नाही, नमुना कुठून आला ते आधी बघतो. मला आठवडाभर द्या.

मी लगेच म्हटलं, मावशी, मी येते तुझ्याबरोबर, मी सगळं लिहून घेते. मला किती उत्साह. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ये. पण भिंगरी, जे निघेल ते लिहायचं. आवडेल तेवढंच नाही."

२

आधी मतदानाचं सांगायला पाहिजे.

अपघाताच्या चार महिने आधी आम्ही ठरवत होतो की रस्ता आखायला इंटरनेटवरचं कुठलं साधन वापरायचं. तीन होती. पहिलं ताईचं जुनं, साधा नकाशा, त्यावर एकेक वळण बोटाने टाकत जायचं. दुसरं सायकलच्या दुकानवाल्याचं आवडतं. त्याला आम्ही गिअरशेठ म्हणतो. त्याच्या साधनात चढउतार रंगांत दिसायचे, डांबर कुठे आणि माती कुठे तेही. आणि तिसरं, त्याला आम्ही नाव ठेवलं होतं वाटाड्या. त्यात काही आखायचंच नाही. मंडळातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ज्या ज्या फेऱ्या नोंदल्या गेल्या त्या सगळ्या एकावर एक पडतात, जिथून जास्त वेळा गेलेत तिथे जांभळी रेघ जाड होते, आणि वाटाड्या जाड रेघेवरून रस्ता काढून देतो.

ताई म्हणाली, मला आपलं बोटानेच बरं वाटतं, प्रत्येक वळणाला मनात जाऊन येते मी. आणि मी म्हटलं, सगळ्यांसमोर, "ताई, बोटाने रेघा ओढायचे दिवस गेले. जिथून लोक रोज जातात तो रस्ता चांगलाच असणार ना."

सगळे हसले. तीही हसली. वाटाड्याला सतरा मतं पडली. त्यात पहिला हात माझा. आणि माझा का, तर वाटाड्या महिन्याची यादीही लावायचा, कोण किती किलोमीटर, आणि यादीत वर मी असायचे. तुम्ही सगळ्या शेजाऱ्यांनी मला शाबासकी दिली होतीत, आठवतं ना. बरं, पुढे.

बुधवारी मावशी आणि मी सायकलने जागा बघायला गेलो. क्रशरच्या फाटकावर पहारेकरी काका बसलेले. मला बघून म्हणाले, आज सायकलवर कशा काय. मी म्हटलं, व्यायाम, काका. मावशीने विचारलं, जाळी कधीपासून आहे. तीन वर्षं झाली, म्हणाले, पहिल्या पावसाळ्यानंतर बसवली. सायकलवाले येतात का इथून. काकांनी डोकं खाजवलं. सायकलवाले कशाला येतील, ट्रक आणि मोटारसायकली जातात, आमचे कामगार चालत जातात. रविवारी ते म्हातारे आले तेव्हा मी ओरडलोसुद्धा, पण उतार आहे, ऐकू जात नाही.

मावशी जाळीजवळ उकिडवी बसली. पर्समधून पट्टी काढली, फट मोजली. मग माझ्या सायकलचं चाक फटीवर ठेवलं आणि सोडलं. चाक टुपकन खाली गेलं.

"वाटाड्या म्हणतो, या रस्त्यावरून मंडळाच्या एकशे बारा फेऱ्या झाल्यात," मावशी म्हणाली. "एकशे बारा वेळा कुणीतरी इथून गेलं. आणि पडला फक्त मास्तर?"

३

मग आमच्या मुलाखती झाल्या, आणि खरं सांगते, मला फार मजा येत होती. वही घेतली, पेन घेतलं. माझ्या मनात संशयित ठरलेला होता, गिअरशेठ. त्याचं साधन मतदानात आपटलं होतं, वाटाड्याच्या साइटचा पासवर्ड त्याच्याकडे होता, आणि महिनाभर तो प्रत्येकाला म्हणत होता, बघा, एक दिवस तुमचा वाटाड्या तुम्हाला खड्ड्यात घालेल.

तो चाकाचे आरे आवळत होता. मावशीने सरळच विचारलं. त्याने चाक फिरवलं, कान लावला, आणि म्हणाला, "मावशी, मला सूड घ्यायचा असता तर तुमच्या सगळ्यांचे ब्रेक माझ्याच हातात असतात. मी साइटवर कशाला जाऊ." मग जरा वेळाने आवाज खाली आणून म्हणाला की खड्ड्यात घालेल असं बोललो खरा, रविवारपासून जीभ चावतोय. मास्तरांची सायकल त्याने दुरुस्त करून ठेवली होती. पैसे घेणार नव्हता. पुढचं चाक नवीन होतं.

डॉक्टरांकडे गेलो तर खुर्चीत पेशंट, तोंड उघडं. डॉक्टर बोलणार आमच्याशी आणि बघणार दाढेकडे. मावशीने विचारलं की शनिवारी तुम्ही ताईला फोन केला होता का. ते म्हणाले, छे. मग पेशंटला म्हणाले, चूळ भरा. मग स्वतःच म्हणाले, म्हणजे केला होता, पण सहज. मावशी तिथेच स्टुलावर बसली. ती अशी बसली की माणसाला गुदमरायला होतं. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि सांगून टाकलं. रविवारी त्यांना साडेआठला घरी पोचायचं होतं, सासरचे येणार होते. ताईला त्यांनी सांगितलं, तलावाचा रस्ता लांब पडतो, छोटा कर. तिने अपघातानंतर हे कुणाला सांगितलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. "मी अध्यक्ष आहे," ते म्हणाले, "मला वाटलं, तीच सांगेल." खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता. मला वाटतं, डॉक्टरांना दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

मग ग्रंथालय. ताई कपाटामागून आली, हातात पुस्तकांची चवड. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं खरं, पण बटण मी दाबलं. वाटाड्याने दोन छोटे रस्ते दाखवले. एक बायपासचा, तिथे ट्रक. दुसरा क्रशरचा. "बायपासवर रेघ अगदी पुसट होती. क्रशरवर जाड. मी म्हटलं, आपली इतकी माणसं जातात, मी एकटीने कशाला शंका काढायची." मग पुस्तकं खाली ठेवून तिने विचारलं की मास्तरांची बोटं हलतात का.

मी वहीत लिहिलं, इतकी माणसं जातात. मावशीने माझी वही ओढून घेतली, त्या ओळीखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, कोण?

४

गुरुवारी दुपारी मावशीच्या लॅबमध्ये. जेवणाची सुट्टी होती, यंत्र घरघरत होतं, मावशीने फ्रीजवर लॅपटॉप ठेवलेला. वाटाड्या यादीत नावं देतो, पण नकाशावर नाही, तिथे फक्त फेऱ्या, वेळ आणि वेग. मावशी म्हणाली, नावाची गरजच नाही, रक्तावरही नाव नसतं.

तिने मला आधी तलावाच्या चढाचे आकडे दाखवले. आमच्या सगळ्यांच्या मिळून दोनशे फेऱ्या. वर जाताना ताशी आठ, नऊ, डॉक्टर असले तर अकरा. खाली येताना पस्तीस, चाळीस. मग तिने क्रशरचा रस्ता उघडला. वर जाताना बत्तीस. खाली येताना तेहतीस. एकशे बारा वेळा, तसंच.

"कोण सायकलवाला चढाला बत्तीसने जातो?" तिने विचारलं. मला नव्हतं विचारलं, स्वतःलाच विचारलं. "आणि जाळीजवळ वेग एकदाही कमी झालेला नाही. जाड टायर जाळीवरून जातो, त्याला पत्ताही लागत नाही. ही सायकल नाहीच, भिंगरी. ही स्कूटर आहे."

मी पेन उघडं धरून बसले होते. तुम्ही ओळखलं असेल. मी तोपर्यंत ओळखलं नव्हतं, शप्पथ. किंवा ओळखलं असेल आणि दार लावून घेतलं असेल, मला खरंच सांगता येत नाही.

आमची बेकरी. रोज सकाळी साडेपाचला ब्रेडचे ट्रे स्कूटरवर लावून मी निघते, मुलींचं वसतिगृह, मग क्रशरची कँटीन, मग नर्सेसची खोली, परत. एकवीस किलोमीटर. मतदानाच्या पंधरा दिवस आधी एका रविवारी सायकल फेरी संपल्यावर मी फोनवरची नोंद बंद करायला विसरले. सोमवारी ब्रेड टाकून आले तर यादीत माझे एकवीस किलोमीटर वाढलेले, आणि डॉक्टरांनी त्या नोंदीखाली शाबासकीचा अंगठा दिलेला, वा भिंगरी, कामाच्या दिवशीसुद्धा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. चूक झाली, स्कूटर होती. पण अजून तीन अंगठे आले. मंगळवारी मी विसरले नाही. मंगळवारी मी स्वतः नोंद सुरू केली.

मावशी पुढे सांगत होती, रोज पावणेसहाच्या सुमारास, तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबा. रविवारी कधीच नाही. तिने विचारलं की तुला काय वाटतं, अशी कोण माणसं असतात, रोज पहाटे तीन ठिकाणी थांबणारी.

मी म्हटलं, "दूधवाला असेल."

आणि वहीत लिहिलंसुद्धा. दूधवाला.

५

शुक्रवारी ताईने मला घरी बोलावलं. तुम्हाला वाटेल मी सांगायला गेले. मलाही जिना चढताना तसंच वाटत होतं.

टेबलावर तिने कागद पसरले होते. ती मास्तरांना पत्र लिहीत होती, चौथ्यांदा. तिला विचारायचं होतं की माफी मागताना कारण द्यायचं असतं का. तिचं म्हणणं, कारण दिलं की माफी कमी होते. मला काय कळतं, मी म्हटलं, ताई, तुझी चूकच नाही. ती म्हणाली, तू लहान आहेस, तुला सगळे चांगले वाटतात.

मग तिने सांगितलं की सायकल विकायचं ठरवलंय. नवरा म्हणाला होता, बरं झालं, आता वेळच्या वेळी आटपेल सगळं. ते सांगताना ती चिडली नव्हती, हेच मला सहन होईना. ती म्हणाली, एवढी वर्षं कुणी काही विचारलं नाही तेव्हा चुकायची भीती नव्हती. विचारलं, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. खरंच, पहिला शब्दसुद्धा ठरलेला होता. आणि मी काय केलं, तर तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिचं सांत्वन केलं. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, तू एकटीच आलीस बघ मंडळातून.

खाली येऊन मी फोन काढला. वाटलं, सगळ्या फेऱ्या पुसून टाकाव्यात, मग पुरावाच नाही. बोट बटणावर होतं तेवढ्यात मावशीचा संदेश आला. उद्या सकाळी बेकरीत येते. दूधवाला सापडला.

६

शनिवारी दुकानात गर्दी होती. बाबा भट्टीपाशी, मी काउंटरला. मावशी रांगेत उभी राहिली, तिचा नंबर आल्यावर एक साधा ब्रेड मागितला, कापलेला. मी मशीनमध्ये ब्रेड घातला. मशीनच्या आवाजात ती बोलली, म्हणून बाबांना ऐकू गेलं नाही, आणि मला नंतर कळलं की तिने तो आवाज मुद्दाम निवडला होता.

तिने सांगितलं की ती शुक्रवारी पहाटे पहारेकरी काकांकडे परत गेली होती. बुधवारी ते मला म्हणाले होते, आज सायकलवर कशा. म्हणजे एरवी कशावर? तिला तेव्हाच खटकलं होतं, पण एका खटक्यावर ती रिपोर्ट देत नाही. मग वेग. मग तीन थांबे. वसतिगृह, कँटीन, नर्सेसची खोली, तिघांकडे तिने जाऊन एकच विचारलं, पहाटे कोण येतं. आणि रविवारी फेरी का नाही, तर रविवारी ब्रेड बाबा टाकतात, कारण मी सायकलवर असते.

"दूधवाल्यांना रविवारची सुट्टी नसते," ती म्हणाली.

मशीन थांबलं. मी ब्रेड पिशवीत घातला. दोन स्लाइस खाली पडल्या. मी विचारलं की तू सांगणार का उद्या. हळूच विचारलं.

"मी नमुना दुसऱ्याचा आहे एवढं सिद्ध केलं, माझं काम संपलं," मावशी म्हणाली. "कुणाचा आहे ते ज्याचं त्याने सांगावं. पण ताईचं काम काढायला हात वर झाले, तर मी बोलेन. त्यानंतर तू बोललीस तर ते पकडलं जाणं झालं."

तिने सुटे पैसे ठेवले आणि गेली. मागून बाबांनी विचारलं, कोण गं ती, काय म्हणत होती. मी म्हटलं, ब्रेड ताजा आहे का विचारत होती. बघा, तेव्हाही.

७

रविवारी ग्रंथालयात बावीसच्या बावीस आले. मास्तरसुद्धा, हात गळ्यात बांधलेला. ताई दाराजवळच्या खुर्चीत, पाहुणी आल्यासारखी.

मी ठरवून गेले होते की डॉक्टरांनी सुरुवात करायच्या आधी उभी राहीन. डॉक्टर उठले. मी बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, निर्णयाच्या आधी ताईला काही वाचायचं आहे. आणि ताई उभी राहिली, तो कागद घेऊन.

तिने पत्र वाचलं. दीड पान. कारण दिलं नव्हतं. डॉक्टरांचा फोन नाही, जाड रेघ नाही, माझं ते बोटाने रेघा ओढायचं वाक्य नाही. फक्त, मी रस्ता न बघता दिला, मास्तरांचा हात मोडला, मी मंडळाची माफी मागते. एका ठिकाणी तिने थांबून पाणी प्यायलं आणि परत तीच ओळ पहिल्यापासून वाचली.

आणि मी तिला वाचू दिलं. मला हे तुम्हाला सांगायचंय, बाकी सगळं राहू द्या. स्कूटर, यादी, ते अंगठे, ते सगळं एक वेळ वेडेपणा म्हणून सोडून देता येईल. पण ती वाचत होती ते दीड पान माझं होतं आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं. मनात कुठेतरी असंही होतं की कदाचित मास्तर म्हणतील, जाऊ दे, आणि मग सगळंच जाईल.

मास्तर काही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, काम काढून घ्यायला कोणाची संमती. एक हात हलला. मावशी खुर्चीत पुढे सरकली.

मी उभी राहिले. सुरुवात कशी केली आठवत नाही. एवढं आठवतंय की मी एकशे बारा म्हणाले, आणि स्कूटर म्हणाले, आणि गिअरशेठ हसला, कारण त्याला वाटलं मी काहीतरी विनोद करतेय. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना. मी सगळं सांगितलं, दूधवाल्यापर्यंत. डॉक्टर मध्येच उठले आणि म्हणाले की शनिवारी रस्ता छोटा करायला मी सांगितलं होतं. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते.

मास्तरांनी डाव्या हाताने चष्मा वर केला. म्हणाले, "म्हणजे मला दिसत नाही असं नव्हतं तर. मुलीने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

ताईने एकच प्रश्न विचारला. कागदाची घडी घालत विचारला, माझ्याकडे न बघता.

"शुक्रवारी तू घरी आलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने घडी पर्समध्ये ठेवली. मग डॉक्टरांना म्हणाली की काम माझ्याकडेच राहणार असेल, तर रस्ते मी बोटानेच टाकणार, आणि रविवारच्या आधी कुणीतरी तो रस्ता सायकलने जाऊन बघायचा. कुणी, ते मी ठरवीन. बावीस जणांत एकही हात विरोधात वर गेला नाही. सायकल विकायचं तिने नंतर कधी काढलं नाही.

८

कुणी बघायचं, ते तुम्हाला कळलंच असेल.

दर शनिवारी दुपारी मी ग्रंथालयात जाते. ती कागद देते, त्यावर तिच्या अक्षरात वळणं, प्रत्येक वळणापुढे रिकामी जागा. मी सायकलने जाते, फोन घरी ठेवून, आणि रिकाम्या जागा भरून आणते. खड्डा, कुत्रं, वाळू, नळ आहे, नळ आहे पण पाणी नाही. ती वाचते आणि विचारते. फक्त रस्त्याबद्दल विचारते. चहा घेतेस का हे पूर्वी विचारायची, आता नाही. मी तक्रार करत नाहीये.

मंडळातले बाकीचे बोलतात. थोडे जास्तच बोलतात, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं. मास्तर डाव्या हाताने चित्रं काढायला लागलेत, आणि म्हणतात की डावा हात जास्त खरं बोलतो, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत असणार. बाबांना मी सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी ट्रे भरताना म्हणाले की सकाळची फेरी मी घेतो.

काल नवीन रस्ता होता, टेकडीमागचा. तिथे एक उतार आहे, लांब, शेवटी आंधळं वळण. मी अर्ध्यापर्यंत सायकलवर गेले आणि मला भीती वाटली. मी उतरले आणि सायकल हातात धरून चालत खाली गेले. वाटेत एक बाई डोक्यावर गवत घेऊन माझ्यापेक्षा जोरात चालत होत्या.

ग्रंथालयात ताईने कागद वाचला. त्या उतारापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. तिने पेन उचललं.

"इथे बसून गेलीस की उतरून?"

तुम्हाला माहीत आहे मी आधी काय म्हटलं असतं. आणि कोण बघायला येणार होतं.

मी म्हटलं, "उतरून चालले. घाबरले मी."

तिने मान हलवली, आणि रिकाम्या जागेत तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलं, येथे सर्वांनी उतरून चालावे. उद्या सकाळी बावीस जण तिथे उतरतील, आणि गिअरशेठ नक्की विचारेल की ही भित्री सूचना कुणाची. ती माझी आहे, आणि मी सांगणार आहे.